मलिक अंबर : जळालेल्या शहराला पाणी देणारा वजीर

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पाहुणे आले की त्यांना पाणचक्की दाखवायला नेण्याची पद्धत आहे. हौदातले मासे बघायचे, उंचावरून पडणारी पाण्याची धार बघायची, फोटो काढायचे आणि परत यायचे. पण हे पाणी डोंगरातून इथपर्यंत कसं आलं, असा प्रश्न मुलांनी विचारला तर पुष्कळदा मोठ्यांकडे उत्तर नसतं. पाणचक्की ही पुढच्या काळातली तामीर आहे. मात्र या शहरात जमिनीखालून पाणी आणण्याची जी परंपरा रुजली, ती ज्याच्या नावाशी जोडली जाते तो माणूस त्याच्याही शंभर वर्षे आधीचा. त्याचं नाव मलिक अंबर.

मलिक अंबरची ओळख आपल्याकडे दोन गोष्टींमुळे आहे. एक म्हणजे त्याने बादशहा जहांगीरच्या फौजांना वीसेक वर्षे दख्खनमध्ये जेरीस आणलं. दुसरी म्हणजे गनिमी कावा. शाळेच्या पुस्तकातही तो याच दोन कारणांनी येतो. त्याची तिसरी ओळख मात्र मागे राहिली. ज्या शहराच्या वेशीवर शत्रू कधीही येऊ शकत होता, त्या शहरासाठी त्याने सरकारी खजिन्यातून पाण्याची सोय केली आणि ती सोय अनेक पिढ्या टिकली. वस्तीचं आरोग्य दवाखान्यात सुरू होत नाही, ते पाण्यापासून सुरू होतं, हे समजायला त्याचं आयुष्य फार उपयोगी आहे.

गुलामांच्या बाजारातून दख्खनमध्ये

मलिक अंबरचा जन्म साधारण १५४८ चा, हबश म्हणजे आजच्या इथिओपियातला. त्याचं मूळ नाव चापू असल्याचं इतिहासकार सांगतात. लहान वयातच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती लागला. त्या काळी तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर माणसांचा व्यापार चाले. येमेनमधलं मोखा हे त्यातलं मोठं बंदर. तिथे हा मुलगा विकला गेला. पुढे १६१७ मध्ये त्याला प्रत्यक्ष भेटलेल्या पीटर व्हॅन डेन ब्रुके या डच व्यापाऱ्याने लिहून ठेवलं आहे की त्याची किंमत ऐंशी गिल्डर लागली होती. ज्याच्यासमोर परदेशी व्यापारी भेटी घेऊन हात बांधून उभे राहत, त्याची कधीकाळी अशी किंमत झाली होती.

बगदादमध्ये त्याला मीर कासिम नावाचा मालक मिळाला. या मालकाने मुलाची हुशारी ओळखली, त्याला लिहायला-वाचायला शिकवलं, हिशेब आणि कारभार शिकवला. अंबर हे नाव याच काळातलं. गुलामी ती गुलामीच, तिला चांगलं म्हणायचं कारण नाही. पण अंबरच्या हातात तलवारीच्या आधी हिशेबाची वही आली, हे त्याच्या पुढच्या आयुष्याकडे बघताना विसरता येत नाही.

१५७० नंतरच्या काही वर्षांत त्याला दख्खनमध्ये आणलं गेलं. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेज खान याने त्याला विकत घेतलं. हा चंगेज खान म्हणजे मंगोल नव्हे. तो स्वतःही हबशी होता आणि गुलामीतून वर चढलेला होता. त्याच्याकडे असे शेकडो हबशी तरुण होते. ते फौजेत असत, खजिन्यात असत, किल्ल्यांवर असत. दख्खनमध्ये गुलामाला कर्तबगारीवर सरदार होता येत असे, आणि अंबरने ते डोळ्यांसमोर बघितलं.

अहमदनगरच्या पाण्याची शाळा

अहमदनगर, आजचं अहिल्यानगर, हे तसं कमी पावसाचं गाव. निजामशाहीत या शहराला आजूबाजूच्या डोंगर-टेकड्यांकडून पाणी आणलेलं होतं. झऱ्याचं किंवा विहिरीचं पाणी चर खोदून घ्यायचं, जमिनीखालच्या नळीतून उतारावर सोडायचं आणि शहरात हौदात उतरवायचं, अशी ती पद्धत. या नळ्या भाजक्या मातीच्या असत. आपल्याकडे त्यांना खापरी नळ म्हणतात. शहरातल्या मशिदी, बागा, महाल आणि मोहल्ल्यांचे हौद या पाण्यावर चालत. मुळात हे ज्ञान इराणकडचं. तिथे त्याला कनात किंवा कारेज म्हणतात. दख्खनमध्ये बिदरलाही असा कारेज आहे.

तरुणपणाची वर्षे अंबरने याच शहराच्या दरबारात काढली. डोंगरातलं पाणी विनासायास शहरात कसं उतरतं, ते कोण सांभाळतं, त्याचा खर्च कुठून निघतो, हे सगळं त्याच्या रोजच्या बघण्यातलं होतं. कुठल्या मदरशात न मिळणारं हे शिक्षण होतं.

१५७५ च्या सुमारास दरबारातल्या कारस्थानात चंगेज खानावर खोटा संशय घेतला गेला आणि त्याचा अंत झाला. मालक गेल्यावर अंबर मोकळा झाला, पण आधारही गेला. पुढची वीस वर्षे त्याने गोवळकोंडा, विजापूर अशी चाकरी केली. मलिक हा किताब त्याला विजापूरच्या सेवेत मिळाल्याचं सांगतात. थोडेसे स्वार सोबत घेऊन तो १५९५ च्या आसपास पुन्हा अहमदनगरकडे आला, तेव्हा शहर मोगलांच्या वेढ्यात होतं आणि चांदबीबी किल्ला लढवत होती.

राज्य बुडालेलं, वजीर उभा

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला पडला. चांदबीबी मारली गेली. राज्य संपलं असंच सगळ्यांना वाटलं. अंबरने मात्र निजामशाही घराण्यातला एक वारस शोधून त्याला दुसरा मुर्तझा निजामशाह म्हणून परांड्याला गादीवर बसवलं आणि त्याला आपली मुलगी दिली. तिथून पुढे राजधानी फिरती राहिली. परांडा झालं, जुन्नर झालं, मग दौलताबाद. मोगल एक किल्ला घेत, अंबर दुसरीकडून बाहेर येई. त्याच्या फौजेत हबशी होते, दख्खनी मुसलमान होते आणि मोठ्या संख्येने मराठे होते. विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने १६१० च्या सुमारास या फौजेचा अंदाज दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी असा दिला आहे. मालोजी भोसले आणि पुढे शहाजीराजे याच दरबाराचे सरदार.

या काळाची दुसरी बाजूही सांगायला हवी. मोगलांची रसद तोडायची म्हणजे त्यांच्या वाटेवरचा चारा आणि धान्य त्यांना मिळू द्यायचं नाही. गनिमी काव्याची किंमत शेवटी गावांनाच मोजावी लागते. अंबर हा संत नव्हता, तो लढणारा वजीर होता. त्याने बांधलेल्या शहराकडे बघताना हेही लक्षात असू द्यावं.

खडकी नावाचं गाव

दौलताबादचा किल्ला अभेद्य खरा, पण किल्ला म्हणजे शहर नव्हे. बाजारपेठ, कारखाने, फौजेच्या छावण्या, वाढती लोकवस्ती यांना मोकळी जागा लागते. अंबरने दौलताबादच्या पूर्वेला खाम नदीच्या काठी असलेलं खडकी हे छोटं गाव निवडलं. नावातच खडक. साल साधारण १६१०. काही वर्षांतच तिथे मशिदी, हवेल्या, बाजार उभे राहिले. जामा मशिदीचा मूळ भाग त्याच्या काळातला मानतात. काळ्या दगडाच्या मशिदी त्याने बांधल्या. भडकल दरवाजा त्याच्याच काळचा. नौखंडा महाल त्याचाच. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही पुऱ्यांची नावं मराठा सरदारांवरून पडल्याचं सांगितलं जातं. म्हणजे एका हबशी वजिराच्या राजधानीत भोसल्यांच्या नावाचे मोहल्ले होते.

शहर वसवणं सोपं, ते जगवणं अवघड. हजारो माणसं, घोडे, बैल, उंट एका जागी आले की पहिली टंचाई पाण्याची होते. खाम ही पावसाळी नदी. उन्हाळ्यात तिची धार बारीक होते. काळ्या पाषाणात विहिरी खोदायच्या तर खर्च मोठा आणि पाणी लागेलच याची खात्री नाही. त्यातून नदीच्या त्याच पाण्यावर जनावरं, तिथेच धुणं, तिथेच कातडी कमावणं. अशा पाण्यावर वाढणाऱ्या शहरात हगवण आणि ताप हे ठरलेलेच पाहुणे. छावणीतली माणसं लढाईपेक्षा आजाराने जास्त मरत, हा त्या काळच्या सगळ्याच फौजांचा अनुभव.

शहर जळालं, आणि मग नहर आली

१६१६ च्या सुरुवातीला जालन्याजवळ रोशनगावला अंबरचा मोठा पराभव झाला. मोगल फौज थेट खडकीत घुसली. बांधून पुरी सहा वर्षेही न झालेलं शहर त्यांनी लुटलं आणि जाळलं. जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात या विजयाची नोंद अभिमानाने केली आहे. अंबरचा त्याला इतका राग होता की अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारतो आहोत असं चित्र त्याने दरबारी चित्रकाराकडून काढून घेतलं. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याला कधीच मिळालं नाही.

अशा वेळी कुणीही वजीर काय करेल? तट बांधेल, तोफा ओतेल. अंबरने फौज पुन्हा जमवलीच. पण त्याच्या नावाने ओळखली जाणारी नहर, नहर-ए-अंबरी, ही साधारण १६१७-१८ ची, म्हणजे शहर जळाल्यानंतरची मानली जाते. शहर पुन्हा वसवायचं तर माणसं परत आली पाहिजेत, आणि माणसं परत यायची तर पाणी पाहिजे. या खडकाळ जागेत डोंगरातून पाणी आणता येईल यावर दरबारातल्या काही बड्या मंडळींचा विश्वास नव्हता आणि त्यांनी या कल्पनेची टिंगल केली, अशी गोष्ट शहरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. गोष्ट खरी असो की रंगवलेली, नहर मात्र खरी आहे. तिचे अवशेष आजही दिसतात.

गंमत बघा, याच सुमारास, १६१५ च्या आसपास, तापीकाठच्या बुऱ्हाणपूरला मोगलांनीही अशीच भूमिगत पाणीव्यवस्था बांधली. ती कुंडी भंडारा म्हणून प्रसिद्ध आहे आणि तिचं श्रेय अब्दुर्रहीम खान-ए-खानानला दिलं जातं. आपण ज्यांना कवी रहीम म्हणून ओळखतो तेच हे. अंबरविरुद्ध मोगलांच्या फौजा चालवणारे सेनापतीही तेच. दख्खनच्या रणात एकमेकांसमोर उभे असलेले हे दोघे आपापल्या शहरांत जमिनीखालून गोडं पाणी आणत होते. दुश्मनी आपल्या जागी, पण शहर कशावर जगतं याबद्दल दोघांचं एकमत होतं.

नहर चालायची कशी

शहराच्या उत्तरेला डोंगर आहेत. पावसाचं पाणी तिथल्या मुरुमात आणि खडकाच्या भेगांत मुरतं आणि जमिनीखाली सावकाश पुढे सरकतं. नहरीचा वरचा भाग म्हणजे या मुरलेल्या पाण्याच्या वाटेत खोदलेला बोगदा. त्यात चहूबाजूंनी पाणी झिरपून जमा होतं. नदीचं गढूळ पाणी थेट आत घ्यायचं नाही, जमिनीतून गाळून आलेलं घ्यायचं, हे त्यातलं पहिलं शहाणपण.

दुसरं शहाणपण उताराचं. बोगद्याला अगदी हलका उतार दिलेला असे. जास्त उतार दिला तर पाणी भिंती खरवडतं, कमी दिला तर गाळ साचतो. मोट नाही, पंप नाही, बैल नाही. पाणी स्वतःच्या वजनाने शहराकडे येई. वाटेत ठरावीक अंतरावर विहिरीसारखी तोंडं ठेवलेली असत. त्यांतून हवा आत जाई आणि माणूस उतरून गाळ काढू शके.

शहराजवळ आल्यावर पाणी चुन्यात बसवलेल्या खापरी नळांतून पुढे जाई. मध्ये मध्ये दगड-विटांचे उंच मनोरे असत. लोक त्यांना बंब म्हणतात. त्यांच्या आत पाणी वर चढून पुन्हा खाली उतरे. त्यामुळे नळातला दाब सावरला जाई, अडकलेली हवा निघून जाई आणि पाण्याला पुढच्या मोहल्ल्यात जाण्याइतकी उंची मिळे. जुन्या शहरात असे बंब अजून कुठे कुठे उभे आहेत. त्यांच्या अंगावर पोस्टर लागतात, बाजूला गाड्या उभ्या असतात, आणि हे नक्की काय आहे हे शेजारच्या दुकानदारालाही सांगता येत नाही.

शेवटी पाणी हौदांत येई. मशिदीत वुजूला, हमामात, सरायत, बागेत आणि मोहल्ल्याच्या हौदावर घरोघरच्या घागरी भरायला. अंबरनंतर मोगल काळात आणि पुढेही शहरात नवनव्या नहरी जोडल्या गेल्या. पाणचक्कीची नहर त्यांतलीच. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ अठराव्या शतकात ती आली. तिच्या पाण्यावर दळण दळून दर्ग्यातल्या लोकांची, मुसाफिरांची आणि तालिब-ए-इल्मांची जेवणं होत.

हकिमाच्या आधीचा इलाज

त्या काळी जंतू कुणाला ठाऊक नव्हते. कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो हे लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी दाखवून दिलं १८५४ मध्ये, म्हणजे अंबरनंतर सव्वादोनशे वर्षांनी. पण पाणी वाहतं असावं, झाकलेलं असावं, वापरण्याच्या जागेपासून घाण दूर असावी, एवढं अनुभवाने कळलेलं होतं. आपल्या घरांत पाक-नापाकचा विचार आहेच. नहरीने तो विचार घरातून रस्त्यावर आणला आणि शहराच्या कारभाराचा भाग केला.

आजच्या भाषेत बोलायचं तर या नहरीने तीन गोष्टी साधल्या. पाणी जमिनीखालून आल्यामुळे वाटेत ते कुणी बाटवू शकत नव्हतं. ते गाळून येत असल्यामुळे गढूळपणा कमी होता. आणि ते सतत वाहत असल्यामुळे घरात दिवसेंदिवस साठवण्याची गरज कमी पडे. शेवटचा मुद्दा साधा वाटतो, पण तोच आज सर्वात महत्त्वाचा आहे. साठवलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. नळ चार-सहा दिवसांनी येणाऱ्या वस्तीत प्रत्येक घरी ड्रम आणि टाक्या असतात. मग डेंग्यू त्याच वस्तीत का जास्त, याचं उत्तर शोधायला लांब जायला नको.

आपण आजारी पडलो की स्वतःला दोष देतो, नाहीतर डॉक्टर बदलतो. पण ज्या गल्लीत गटार आणि पिण्याची पाइपलाइन शेजारी-शेजारी आहेत, तिथे कावीळ आणि टायफॉइड हा एका घराचा प्रश्न नसतो. घरातली बाई कितीही स्वच्छता ठेवो, गल्लीतली फुटलेली पाइप ती एकटी दुरुस्त करू शकत नाही. ते काम सरकारी तिजोरीचंच आहे. अंबरच्या काळी होतं, आजही आहे.

पैसा आला कुठून

युद्धात बुडालेल्या राज्याकडे नहरीसाठी पैसा कुठून आला? अंबरचं दुसरं मोठं काम इथे येतं. त्याच्याआधी महसूल वसुलीचा इजारा दिला जाई. इजारदार सरकारला ठरलेली रक्कम देई आणि शेतकऱ्याकडून हवी तितकी ओरबाडून घेई. अंबरने ही पद्धत मोडून काढायचा प्रयत्न केला. जमिनीची पाहणी केली, कसानुसार प्रतवारी लावली, उत्पन्नाचा अंदाज घेऊन सरकारचा वाटा ठरवला आणि वसुलीत गावच्या पाटलाला जबाबदार धरलं. शेतकऱ्याला आपण किती देणं लागतो हे आधीच कळू लागलं. पडीक जमीन लागवडीला आली. महाराष्ट्रात ही व्यवस्था मलिक अंबरी धारा म्हणून पुढेही ओळखली जात होती आणि शिवकाळातल्या महसूल व्यवस्थेवर तिची छाप असल्याचं इतिहासकार मानतात.

नहर आणि धारा या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. कर न्याय्य असेल तर तो नियमित येतो, नियमित आला तर लांबचं काम हाती घेता येतं. लुटीच्या पैशावर महाल उभा राहील, पण वर्षानुवर्षे गाळ काढावा लागणारी नहर चालवायची तर दरवर्षी येणारं उत्पन्न लागतं. बगदादमध्ये शिकलेला हिशेब इथे कामी आला.

भातवडीचं तळं आणि शेवटची वर्षे

पाण्याची जाण अंबरने रणातही वापरली. १६२४ मध्ये मोगल आणि विजापूरच्या एकत्र फौजा त्याच्यावर चालून आल्या. अहमदनगरजवळ भातवडीला त्याने तिथल्या तलावाचा बांध फोडला आणि शत्रूच्या छावणीभोवती चिखल करून टाकला. घोडे, तोफा, रसद सगळं अडकलं. मग त्याने हल्ला चढवला आणि दोन मोठ्या सत्तांचा एकदम पराभव केला. शहाजीराजे या लढाईत त्याच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी इथेच पडले.

दोन वर्षांनी, १६२६ च्या मे महिन्यात, ऐंशीच्या घरात असताना मलिक अंबरचं निधन झालं. शेवटपर्यंत मोगलांना त्याला कायमचं नमवता आलं नाही. मोगल दरबाराचा इतिहासकार मुतमद खान याने या शत्रूच्या मृत्यूची नोंद करताना त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची मनापासून तारीफ केली. खुलदाबादला, हजरत मुंतजिबुद्दीन जर जरी जर बख्श यांच्या दर्ग्याच्या परिसरात अंबरची कबर आहे. जवळच त्याची पत्नी बीबी करीमा हिचा मकबरा आहे. उर्साला आपल्यातली हजारो माणसं खुलदाबादला जातात. त्यांतली फार थोडी या घुमटाकडे वळतात.

अंबर गेल्यावर मुलगा फतेह खान याच्या नावावरून शहराला फतेहनगर म्हटलं गेलं. पण वडिलांची ताकद मुलात नव्हती. १६३० ते १६३२ मध्ये दख्खन, खानदेश आणि गुजरातवर भयंकर दुष्काळ कोसळला. १६३३ मध्ये दौलताबाद पडला. पुढे शहजादा औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून आला आणि खडकीचं औरंगाबाद झालं. राज्य बदललं, नावं बदलली, नहर वाहत राहिली. जिंकणाऱ्यांनीही तीच वापरली आणि तिच्यात भर घातली.

नहर कशाने आटली

नहरी बंद पडल्या त्या कुठल्या एका दुश्मनाने नव्हे. नळयोजना आल्या आणि नहरींकडे बघायला कुणी उरलं नाही. गाळ काढणं थांबलं. तोंडांवर घरं, दुकानं उभी राहिली. रस्त्यांच्या कामात खापरी नळ फुटले. कुठे सांडपाणी आत शिरलं. डोंगराच्या पायथ्याला बोअरवेल झाल्या आणि मुरलेलं पाणी नहरीत येण्याआधीच उपसलं जाऊ लागलं. आज शहराला पाणी येतं पैठणच्या जायकवाडीवरून, पंपांनी, विजेवर. लोकसंख्या इतकी वाढली आहे की नुसत्या नहरींवर आता भागणार नाही, हे उघड आहे. पण गोदावरीचं एवढं मोठं धरण असूनही शहराच्या अनेक भागांनी कित्येक दिवसांच्या अंतराने नळाला पाणी येण्याचे दिवस पाहिले आहेत.

याची किंमत कोण मोजतं? ज्याच्याकडे टँकरचे पैसे आहेत तो मोजत नाही. ती मोजतात गल्लीतल्या बायका आणि मुली. शिक्षक म्हणून वर्गात उभं राहिलं की हे हजेरीपटावर दिसतं. पाणी येण्याच्या दिवशी मुली उशिरा येतात किंवा येतच नाहीत. मुलगे त्या मानाने वेळेवर असतात. पाऊस सुरू झाला की जुलाब आणि तापाच्या चिठ्ठ्या वाढतात. त्या कुठल्या वस्तीतून येतात हे पत्ता न बघताही सांगता येतं.

आपल्यासाठी काय

मलिक अंबरवर अभिमान बाळगणं सोपं आहे. जयंती-पुण्यतिथीला त्याचा फोटो स्टेटसला ठेवणंही सोपं आहे. पण त्याच्या कामाचा खरा अर्थ वेगळ्या जागी आहे.

आपल्या समाजात पाणी पाजणं हा मोठा सवाब मानतात. उन्हाळ्यात सबील लागते, मयताच्या नावाने बोअर मारून दिला जातो, मशिदीत वॉटर कूलर बसतो. सदका-ए-जारियाची ही भावना फार मोलाची आहे. मात्र सबील दिवसापुरती आणि कूलर एका मशिदीपुरता. संपूर्ण मोहल्ल्याला रोज शुद्ध पाणी मिळायचं असेल तर ते महापालिकेच्या अंदाजपत्रकातूनच येणार. म्हणून वॉर्डात मतं मागायला कुणी आला तर कब्रस्तानच्या भिंतीइतकाच आग्रहाने पाइपलाइनचा आणि गटाराचा प्रश्न विचारला पाहिजे. आपल्या वॉर्डात जलवाहिनी कधीची आहे, ती गटाराजवळून कुठे जाते, पाण्याचा नमुना शेवटचा कधी तपासला, ही माहिती मागण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे आणि माहिती अधिकारात अर्जाची फी फक्त दहा रुपये आहे.

घरच्या घरी करता येण्यासारखंही बरंच आहे. आठवड्यातून एक दिवस टाक्या-ड्रम रिकामे करून घासायचे, झाकण घट्ट ठेवायचं, पावसाळ्यात पाणी उकळून किंवा क्लोरीनचे थेंब टाकून प्यायचं. आणि पाणी भरायचं काम घरातल्या मुलांनाही वाटून द्यायचं, ते मुलींच्याच नशिबी लिहिलेलं नाही.

पुढच्या वेळी खुलदाबादला जाल तेव्हा जियारत झाल्यावर दहा मिनिटं काढून मुलांना मलिक अंबरच्या कबरीवर घेऊन जा. तिथे फातेहा पढा. मग त्यांना सांगा की हा माणूस बाजारात विकला गेला होता, त्याचं शहर दोनदा लुटलं गेलं, आणि तरीही तो ज्या गावात आला त्या गावातल्या लोकांना पुढची कैक वर्षे त्याच्या नहरीचं पाणी मिळालं. परतताना जुन्या शहरातला एखादा बंबही दाखवा. बहुतेक मुलं विचारतील की हा आता बंद का आहे. त्या प्रश्नाचं उत्तर आपल्यालाच द्यावं लागणार आहे.